जुन्या मोटारीची अडलेली काच

लखनौच्या गोमती नगरात वैशाख-ज्येष्ठात वाहणारी ‘लू’ आच्छादनाखाली ठेवलेल्या मोटारीलाही सोडत नाही. तिच्यासोबत येणारी बारीक धूळ काचेच्या फटीतून दारात उतरते आणि नेमक्या पहिल्या पावसाच्या दिवशी अ‍ॅम्बॅसडर वा प्रीमिअर पद्मिनीची काच वर येण्याचे नाकारते. अशा वेळी हँडलवर जोर लावण्याचा मोह आवरावा. पद्मिनीचे कुर्ल्यातील उत्पादन २००१ च्या सुमारास, तर अ‍ॅम्बॅसडरचे उत्तरपाड्यातील उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मोडलेला भाग मिळवणे आता सोपे राहिलेले नाही.

दोष बहुधा हँडलचा नसतोच. काच ज्या खाचेतून सरकते, तिच्यातील फेल्ट वा रबर वाळून कडक होते आणि धुळीमुळे काचेला धरून ठेवते. काच शक्य तितकी खाली घेऊन खाचा कोरड्या ब्रशाने झाडाव्यात व सिलिकॉनचा हलका फवारा द्यावा. घरातले शिवणयंत्राचे तेल मात्र टाळलेले बरे. त्यावर नवी धूळ बसते आणि रबरही फुगते.

एवढ्याने न भागल्यास काचेला आधार देऊन हँडल व दाराचे आतले पॅड उतरवावे. काच यंत्रणेपासून सोडवून हाताने सरकवून पाहावी. ती सहज सरकली, तर यंत्रणेतील घट्ट झालेले ग्रीस पुसून नवे लावावे.

दार उघडलेच आहे, तर तळाची पाणी निघण्याची भोकेही मोकळी करावीत. ती बुजली, की दार आतून गंजत जाते आणि बाहेरच्या रंगाला फोड येईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.