कंपनी बदलली, थकबाकी मागे लागली?

ब्रिटनमध्ये वीज-गॅसची कंपनी बदलल्यावर जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत अखेरचं बिल द्यायला हवं. त्यात अचानक शेकडो पौंडांची थकबाकी निघाली, तर आधी रीडिंग अंदाजे धरलंय का ते पाहा. घोळ बरेचदा तिथेच असतो. बदलाच्या दिवशी काढलेला मीटरचा फोटो इथे उपयोगी पडतो.

‘ऑफजेम’ या नियामक संस्थेचा नियम असा: चूक ग्राहकाची नसेल, तर आधी बिलच न दिलेल्या, १२ महिन्यांहून जुन्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. २८ दिवसांहून जुनी थकबाकी असल्यास जुनी कंपनी बदल अडवू शकते. प्रीपेड मीटरवाल्यांना मात्र प्रत्येक इंधनामागे ५०० पौंडांपर्यंतची थकबाकी सोबत नेता येते. रक्कम खरीच निघाली, तर हप्ते बांधून मागा, तेही परवडतील एवढेच.