जमिनीखालचा राक्षस

लक्ष्मीपूजन नेमके अमावास्येलाच का, हे कोडे मला फार दिवस पडले होते. सोन्यानाण्याची पूजा, आणि तीही ऐन काळोख्या रात्री! 'तुंबाड' पाहिला आणि सोने व अंधार यांचे नाते थोडे उमगले.

राही अनिल बर्वे यांचा हा भयपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी झळकला. भाषा हिंदी, पण वाडा मराठी, पाऊस कोकणातला आणि कल्पनेचे बीज नारायण धारपांच्या कथेतले. वाड्याखाली हस्तर नावाचा राक्षस कोंडलेला आहे. सोने त्याने बळकावले, धान्य मात्र त्याला लाभले नाही. म्हणून तो कायमचा भुकेला. विनायकराव दोराने खाली उतरतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो आणि राक्षस तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतल्या मोहरा हिसकावतो.

मला वाटले, हे तर खाणकामच! फरक एवढाच, की खाणीतल्या मजुराच्या वाट्याला मोहरा येत नाहीत. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनालाच्या कोळसाखाणीत पाणी घुसले आणि ३७५ माणसे गेली. त्या राक्षसाला ना शिंगे होती, ना सुळे.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात कोळशाच्या खाणी नाहीत. औंढ्याच्या नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरावे लागते. तिथे उतरताना भीती वाटत नाही, कारण आपण काही हिसकावायला निघालेलो नसतो.

पण पाताळाचे भय आम्हांला ठाऊक आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात. भांडी खणखणतात, माणसे अंगणात धावतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ रिश्टरचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६चा, १० जुलैला पुन्हा ४.५चा. ३० सप्टेंबर १९९३चे किल्लारी ज्याच्या स्मरणात आहे, त्याच्या काळजात काय होत असेल!

यात राक्षस कोणी नाही. धक्का फार खोल नसला, की खडकातल्या लाटांचा काही अंश हवेत येऊन आवाज होतो. तोच हा गडगडाट. किल्लारीत माणसे दगावली ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळून.

हस्तरचे भय पावणेदोन तासांत उतरते. दिवे लागतात, आपण घरी येतो. पांगऱ्याच्या माणसाला मात्र त्याच भिंतीआड निजायचे असते. तेव्हा मंडळी, घराला रंगाचा हात देण्याआधी भिंतींच्या भेगा नीट पाहा आणि माळवदाचे ओझे हलके करता येईल का, तेही जाणत्या गवंड्याला विचारा. राक्षस असलाच, तर तो जमिनीखाली नसून डोक्यावर आहे.