जुना ड्रम सेट : काय पुसायचे, काय राहू द्यायचे

वरातीत डीजे आला आणि बँडवाल्यांच्या घरांतले ड्रम माळ्यावर गेले. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या बँडवर जगली. आज त्यांचे सामान भंगारवाल्याकडे किलोवर जाते. पितळ वेगळे, लोखंड वेगळे, लाकूड फुकट. देवळाली कॅम्पातला असाच एक सेट गेल्या उन्हाळ्यात भंगारात जाता जाता राहिला. आमच्या शाळेच्या बँडचे ड्रम बरीच वर्षे माझ्या ताब्यात आहेत आणि मला उर्दू वाचता येते, या दोन कारणांनी त्या घरच्यांनी मला बोलावले.

घर म्हाताऱ्या चाचांचे. सेट त्यांच्या मरहूम अब्बांचा. बेस ड्रम, साइड ड्रम, दोन टॉम, एक मोठी झांज आणि हाय-हॅटची जोडी. त्या घरात अख्ख्या सेटला 'जाझ' म्हणतात. नातीचा निकाह ठरला होता, खर्च समोर होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने भंगारापेक्षा बरीच जास्त रक्कम बोलली होती, पण अट घातली होती की सेट नव्यासारखा चकचकीत करून द्यायचा. नातू बफिंगवाल्याकडे न्यायला निघालाच होता. चाचा म्हणाले, "बाईंना आधी दाखवा."

असा विलायती सेट देवळालीत कसा, याचे नवल वाटायला नको. इंग्रजांच्या काळात इथे फौजेचा मोठा तळ होता. मायदेशी जाणारे गोरे शिपाई जहाजाची वाट बघत महिनोन्महिने इथे पडून राहत. त्यांचे डोके फिरायची वेळ येई, म्हणून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलॅली' म्हणू लागले. तो शब्द आपल्या देवळालीचाच अपभ्रंश. वेळ घालवायला फौजेत नाच-गाण्याच्या, नकलांच्या मंडळ्या असत. जिमी पेरी नावाचा तोफखान्यातला एक सैनिक इथल्या अशाच मंडळीत होता. पुढे त्याने त्या आठवणींवर डेव्हिड क्रॉफ्टबरोबर मालिका लिहिली आणि १९७४ पासून बीबीसीने ती दाखवली. गोरे गेले, स्वातंत्र्यानंतर तोफखान्याची शाळा इथे आली, आणि वाजवणाऱ्यांना काम मिळत राहिले. चाचांच्या अब्बांनी हा सेट एका जाणाऱ्या साहेबाकडून हप्त्याने घेतला, असे घरात सांगतात.

ड्रम म्हणजे इंग्रजांची वस्तू, असे आपण समजतो. अर्धेच खरे आहे. युरोपच्या फौजांत मोठा ढोल आणि झांजा आल्या त्या अठराव्या शतकात, उस्मानी तुर्कांच्या मेहतर वाद्यवृंदाचे पाहून. त्याच्याही आधी अरबांचा नक्कारा तिकडे पोहोचला होता. इंग्रजीत त्याचे 'नेकर' झाले. इस्तंबूलमध्ये १६२३ साली अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने झांजांचा कारखाना काढला. सुलतानाने घराण्याला दिलेले नाव 'झिलजियान', म्हणजे झांजा घडवणारे. १९२९ मध्ये तो धंदा अमेरिकेत गेला आणि आजही चालू आहे. पायाने वाजवायचे पेडल मात्र अमेरिकेचे. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये ते चांगले बसवले आणि ढोल, ताशा, झांज अशा तिघांचे काम एकटा माणूस खुर्चीवर बसून करू लागला. दोघांची रोजी तेव्हाच गेली म्हणायची. डीजेने उरलेल्यांची नेली.

चाचांच्या सेटवर प्रीमिअरचा बिल्ला आहे. ही कंपनी १९२२ मध्ये लंडनला निघाली. असा सेट हाती आला तर पहिले काम साफसफाईचे नाही, फोटो काढण्याचे. कोणता स्क्रू कुठला हे तीन दिवसांनी कोणालाही आठवत नाही. आम्ही एकेका ड्रमचे स्क्रू, वायसर, स्प्रिंगा वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. गंजून अडकलेल्या स्क्रूशी झटापट केली की आटे जातात. त्यावर रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे. सकाळी तो निमूट फिरतो. मग आटे जुन्या टूथब्रशने साफ करून शिलाई मशीनचे तेल किंवा किंचित व्हॅसलीन लावायचे.

रिंगा आणि स्टँड क्रोमचे असतील तर गंजाच्या ठिपक्यांवर पाणी लावून पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. पण फार जुन्या सामानावर निकेल असते, त्याची झाक जरा पिवळसर दिसते. तिथे हा कागद नको. मऊ फडके आणि तेल एवढेच. लिंबू-चिंच कुठेच नको, पातळ मुलामा खातात.

ड्रमच्या अंगावर शिंपल्यासारखा चमकणारा पत्रा असतो, त्याकडे लक्ष द्या. जुन्या सेटवर तो सेल्युलॉइडचा असू शकतो, म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिल्मचाच भाऊ. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे औषध लागले की विरघळतो आणि आग लगेच पकडतो. शेजारी शेगडी, उदबत्ती काही नको. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, पिळलेले फडके, लगेच कोरडे पुसणे. उन्हात ठेवू नये, लाकूड वाकते. लाकडाची कड सरळ आहे का हे बघायला महागडे हत्यार लागत नाही. ओट्याच्या कडप्प्यावर ड्रम उपडा ठेवा, आत टॉर्च लावा, खोलीत अंधार करा. जिथून उजेड बाहेर येतो तिथे कड झिजली आहे.

झांजेवरून नातवाशी माझा खरा वाद झाला. चांगल्या झांजेचे कांसे म्हणजे साधारण ८० टक्के तांबे, २० टक्के कथील. त्यावर वर्षानुवर्षांचा तपकिरी थर चढतो. घरातल्या बायकांनी भांड्यांची पावडर आणून ठेवलीच होती. तिने तांब्या लखलखतो, म्हणून झांजही लखलखेल. पण कंपनीचा छापा जातो. आणि बफिंगच्या चाकावर धरली तर बारीक रेघा घासल्या जातात, धातू तापतो, आवाज बदलतो. जाणकार गिऱ्हाईक अशी झांज हातात घेऊन परत ठेवतो. साबणपाण्याने मळ काढायचा, थर राहू द्यायचा. मोबाइलवर जुन्या सेटचे भाव त्याला दाखवले तेव्हा तो गप्प झाला.

कातड्याची गोष्ट वेगळी. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रेमो बेली वगैरेंनी प्लास्टिकचे पडदे बाजारात आणले. त्याआधी वासराचे कातडे असे. ते पावसाळ्यात ढिले पडते, जानेवारीच्या कोरड्या थंडीत ताणून तडकते. या सेटचे वाजवायचे पडदे फाटले होते. नवे आणताना एक अडचण येते : १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रीमिअरचे काही ड्रम अमेरिकी मापापेक्षा किंचित मोठे असत. दुकानातला १४ इंची पडदा १४ इंची ड्रमवर बसत नाही, आणि दुकानदार माल परत घेत नाही. आधी ड्रमच दुकानात न्यावा. आम्ही टॉमसाठी तबला मढवणाऱ्याकडून बकऱ्याचे कातडे जुन्याच लाकडी कड्यांवर ओले चढवून घेतले आणि सावलीत वाळवले.

बेस ड्रमच्या समोरच्या कातड्यासाठी मला बोलावले होते. त्यावर काळ्या रंगात नस्तालीकमध्ये चाचांच्या अब्बांचे नाव आणि खाली 'कॅम्प देवलाली'. हात एखाद्या कातिबाचा असावा. 'लाम'चा झोक आणि 'ये'ची लांब ओढ पेंटरला जमत नाही. नातवाला ते वाचता येत नव्हते. तो त्याला डिझाइन समजत होता. मी वाचून दाखवले तेव्हा घरातली सून दुपट्टा सावरून पुढे आली आणि म्हणाली, "परत वाचा, बाई."

व्यापारी पुन्हा आला. सेट बघून खूश झाला, पण म्हणाला, समोर कंपनीच्या नावाचा नवा पडदा लावा, हे काढून टाका. चाचांनी विचारले, "आणि हे तसेच ठेवले तर?" त्याने रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणली. गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे नाव नको असते, हे त्याचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने चूक नव्हते. चाचांनी टॉमची जोडी आणि स्टँड त्याला दिले. बेस ड्रम, साइड ड्रम आणि झांजा ठेवल्या. सेट फुटला की किंमत पडते, हे मी त्यांना सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले.

पैसे कमी पडले, तेव्हा वलीम्याची पंगत पाचशेवरून दोनशेवर आली आणि मंडप मशिदीच्या मागच्या पटांगणातच घातला. नातू आता आमच्या शाळेत शनिवारी मुलांना साइड ड्रम शिकवायला येतो. समोरच्या कातड्याची कड एका ठिकाणी उसवली आहे. तिथे आतून पातळ कातड्याचे ठिगळ लावायचे आहे, पाऊस संपला की.