बियाण्याची गोष्ट (भाग 6) : रानातल्या चुलतीचं देणं

नृसिंहाचं दर्शन घेऊन परतताना पोखर्णीत भेंडी घ्यायला थांबलो. मावशींच्या पाटीत हिरव्या शेंगांमध्ये पाचसहा पिवळट, निबर शेंगा होत्या. त्या मी बाजूला सारल्या तर मावशी म्हणाल्या, “केवडा आलाय, दादा. झाडं ठेवावीत का उपटावीत, काही कळंना.”

केवडा आलेलं पान एकदा हातात घेऊन बघा. आधी शिरा पिवळ्या होतात आणि पानावर बारीक जाळी उमटते, मधे हिरवी बेटं तेवढी उरतात. मग तीही जातात. शेंग फिकी, आखूड, दोऱ्यांनी भरलेली. हा रोग विषाणूचा आणि त्याला घेऊन फिरणारी पांढरी माशी. फवारणीने माशी थोडी आवरते, पण झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. मुंबई इलाख्यात 1924 साली या रोगाची नोंद झाली, म्हणजे आपल्या मातीतलं हे दुखणं शंभरीचं आहे.

मागच्या भागात आपण भाताचं पाहिलं. ग्रासी स्टंट या रोगाला तोंड देणारं बी शोधताना फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. उपयोगी पडला तो उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका रानटी भाताचा, ओरायझा निवाराचा. त्याचा गुण पुढे आय.आर. 36 मध्ये उतरला. पोखर्णीच्या काळ्या रानात भात कोण लावणार! पण हीच युक्ती पोखर्णीपासून तासाभराच्या आत, परभणीच्या कृषी विद्यापीठात भेंडीवर झाली, आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

तेव्हा चलती पुसा सावनीची. दिल्लीत तयार झालेला हा वाण सुरुवातीला केवड्याला फारशी दाद देत नसे, पुढे तोही पिवळा पडू लागला. परभणीच्या विद्यापीठातल्या एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या रानटी चुलतीशी, अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉटशी केला.

संकर म्हणजे काय, तर बहुतांशी चिमटा आणि सवड. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. म्हणून उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच उघडायची. पाकळ्यांच्या आत मधल्या दांड्याला पुंकेसर गच्च बिलगलेले असतात, ते स्त्रीकेसराला धक्का न लागता एकेक काढायचे आणि कळीवर कागदी पिशवी चढवायची, नाहीतर मधमाशी आपला कारभार करून जाते. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून गडद लाल कुक्षीवर टेकवायचे. पुन्हा पिशवी, आणि दोऱ्याला चिठ्ठी. हात थरथरला की कळी गेली.

इथे आणखी एक अडचण होती. दोन्ही जातींच्या गुणसूत्रांचा मेळ नीट बसत नाही, त्यामुळे पहिल्या पिढीची झाडं जवळपास वांझ. जे थोडं बी मिळेल त्याची झाडं पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी जुळवत न्यायची, म्हणजे शेंग बाजारात चालेल अशी होते आणि रानटीपणा कमी होत जातो. प्रतिकार मात्र गळता कामा नये. जांभळे-नेरकरांनी 1981 मध्ये दाखवून दिलं की हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकाकडे असतो. हे नशीबच म्हणायचं, कारण अशा वेळी प्रत्येक पुनर्संकरात साधारण निम्मी झाडं तो गुण घेऊन येतात. केवड्याच्या गराड्यात लावायची, हिरवी राहतील ती धरायची, पिवळी पडतील ती सोडायची.

त्यातून निघालेली ‘परभणी क्रांती’ 1980च्या दशकाच्या मध्यावर शेतकऱ्यांच्या हाती आली. नाव जरा भारदस्त आहे, पण ते शोभलं. शिवाय हा सरळ वाण. शेतकऱ्याने चांगल्या झाडाच्या शेंगा वाळवून घरचं बी धरलं तरी चालतं, दुकानाची पायरी दर हंगामाला चढावी लागत नाही. फक्त शेजारी दुसरी भेंडी नको, मधमाश्या सरमिसळ करतात.

मग मावशींची भेंडी पिवळी का पडली? त्यांनी कोणतं बी लावलं होतं, ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण क्रांतीचं बी असतं तरी केवडा आला नसता, असं आज कोणी छातीठोक सांगणार नाही. एका जनुकाचा प्रतिकार म्हणजे एक कडी. शेतकरी तोच वाण वर्षानुवर्षं लावतो आणि तिकडे विषाणू बदलत राहतो. एकाच झाडात दोन विषाणू भेटले तर आपसात तुकडे बदलून नवा अवतारही घेतात. क्रांतीवर पुढे अनेक ठिकाणी केवडा दिसू लागला. तिला फसवी म्हणणं मला पटत नाही. वर्षानुवर्षं तिने शेतकऱ्याचं फवारणीचं पाणी वाचवलं, ते काय कमी आहे?

मावशींना मी एवढंच सुचवलं की पिवळी झाडं दिसताक्षणी उपटून पुरून टाका, बांधावरचं तण काढा, पांढरी माशी तिथेही दडते. “आमचे हे बी तसंच म्हणतात,” म्हणत त्यांनी अर्धा किलो तोलली आणि एक पिवळी शेंग वरून टाकली, फुकट.

पुढच्या आठवड्यात तुरीकडे वळू. बी.एस.एम.आर. 736 या नावातला पहिला ‘बी’ बदनापूरचा, मधली दोन अक्षरं वांझ रोगाची. कोळ्याच्या जातीचा, डोळ्याला न दिसणारा एक जीव हिरवीगार तूर फुलू कशी देत नाही, ते पाहू.