अडलेला माल सोडविणारीं हवेचीं यंत्रें

पेरणीच्या वेळीं पाभरीच्या चाड्यांत बीं अडलें, तर आपण तें बोटानें मोकळें करतों. पशुखाद्याच्या अगर मिश्रखताच्या कारखान्यांत असेंच एक चाडें असतें, परंतु तें पत्र्याचें व माणसाच्या कित्येक पट उंच. त्यास हॉपर म्हणतात. पावसाळ्यांत दमट झालेली पेंडीची पूड, कोंडा किंवा युरिया त्यांत अडला, म्हणजे खालचें दार उघडें असूनही कांहीं पडत नाहीं. एका कारखान्यांत मीं पाहिलें कीं, घणाचे घाव घालून हॉपरचा पत्रा जागोजाग चेपला होता. आणि तरीही माल सुटेना, तेव्हां एक मजूर वरून आंत उतरूं लागला. मुकादमानें त्यास वेळींच मागें ओढलें म्हणून अनर्थ टळला. अशा कारखान्यांत ज्यांचे भाग आहेत, त्यांस या अडचणीवरील उपाय ठाऊक असावा, हा या लेखाचा हेतु होय.

माल अडतो कां? इ. स. १८९५ मध्यें यानसेन या जर्मन इंजिनियरानें दाखविलें कीं, कोठारांतील धान्याचें बरेंचसें वजन घर्षणामुळें भिंतीच पेलतात. त्यांतच दमट मालाचे कण एकमेकांस चिकटले, म्हणजे तोंडावर दगडी कमानीसारखी कमान धरली जाते. ती मोडण्यास हादरा लागतो.

हा हादरा देणारें यंत्र म्हणजे एक नळकांडें व त्यांत मागेंपुढें धांवणारा दट्ट्या. दाबलेली हवा आळीपाळीनें दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस जाते, व हवेचीं छिद्रें दट्ट्या स्वतःच उघडतो व झांकतो. विजेची मोटर नसल्यामुळें धुळीच्या जागीं ठिणगीचें भय कमी. याचे मुख्य प्रकार तीन आहेत.

(१) ठोकणारें यंत्र: यांत दट्ट्या प्रत्येक फेरीस तळावर आपटतो. दमट व चिकट मालास हें चांगलें. मात्र आवाज फार होतो.

(२) न ठोकणारें यंत्र: यांत दट्ट्या दोन्ही टोकांस हवेच्या गादीवरून परततो. हादरा सौम्य व आवाज कमी. कोरड्या मालास व चाळण्यांस योग्य.

(३) एका ठोशाचें यंत्र: दट्ट्या अडवून धरून एकदम सोडतात, व एकच जबर ठोसा बसतो. भिंतीस चिकटलेला थर पाडण्यास हें उपयोगी. घणाचें काम हें करतें, पण पत्रा चेपत नाहीं.

हवेचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरास ३ ते ६ किलो ठेवतात. दाब वाढविला कीं गति व जोर दोन्ही वाढतात. हॉपरच्या उतरत्या भागांत मावणाऱ्या मालाच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका जोर असावा, असा ठोकताळा आहे. यंत्र नुसत्या पत्र्यावर बसवूं नये, नाहींतर पत्रा फाटतो. लोखंडी चॅनेल तुटक वेल्डिंगनें पत्र्यास जोडून त्यावर, उतरत्या भागाच्या खालून सुमारें एक-तृतीयांश उंचीवर तें बसवावें, व सांखळीनेंही बांधून ठेवावें. हवा गाळलेली व कोरडी असावी. ठोकणाऱ्या यंत्रास तेलही लागतें.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दार बंद असतां यंत्र चालविणें. मापांत धान्य हालवून दाबून भरावें, तसा माल त्यानें अधिकच घट्ट बसतो. यास्तव दार उघडल्यावरच, थोडा थोडा वेळ यंत्र चालवावें, व माल वाहूं लागतांच थांबवावें.

आणि माल कितीही अडला तरी माणसास आंत उतरवूं नये. वरून भक्कम दिसणारी कमान पायाखालीं कोसळते, व माणूस क्षणांत मालाखालीं गाडला जातो. संस्थेच्या सभेंत यंत्राच्या खर्चाचा प्रश्न निघेल, तेव्हां सभासदांनीं चेपलेल्या पत्र्याचा हिशेब जरूर मांडावा. परंतु त्या मजुराची आठवण आधीं ठेवावी.