टर्बो टायमरच्या गाडीला अलार्म विकताय? आधी इग्निशनची वायर समजून घ्या



कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानावर आपण व्हिडिओ केला, तेव्हा सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टीम यावर भरपूर बोललो. अलार्मवर मात्र मी घाईघाईत पुढे सरकलो. आज तो विषय घेऊ, आणि नवीन दुकानदार जिथे हमखास अडकतो तिथूनच सुरुवात करू.

आपल्या बॅचमधल्या एका मुलाने हायवेलगत दुकान टाकलं. पहिल्याच महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. जुनी टर्बो डिझेल एसयूव्ही, तिला आधीच कुठूनतरी टर्बो टायमर बसवलेला. "चांगला अलार्म टाकून द्या" एवढंच म्हणाले. मुलाने मार्जिन बरं असलेला अलार्म काढला, वायरमनकडून बसवून घेतला, सायरन वाजवून दाखवला, पैसे घेतले. तीन दिवसांनी साहेब परत. चावी काढून रिमोट दाबला की दरवाजे लॉक होतात, पण अलार्म काही लागत नाही. वायरमनने एक वायर इकडची तिकडे केली. आता अलार्म लागला, पण रिमोट दाबताक्षणी इंजिन बंद! म्हणजे टायमर असून नसल्यासारखा. मग इमोबिलायझरचा रिले दुसरीकडे हलवला. त्या रात्री लग्नाच्या हॉलबाहेर गाडी लावली, रिमोट दाबला आणि सायरन जो सुरू झाला तो थांबेचना. शेवटी सेन्सर इतका मंद करून दिला की काचेवर थाप मारली तरी ढिम्म. चौथ्या फेरीला गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले, आणि द्यावे लागले.

अलार्म खराब नव्हता. वायरमनही कच्चा नव्हता. दोन वस्तू एकमेकींच्या उलट काम करत होत्या, आणि विकण्याआधी कुणी बॉनेट उघडून बघितलंच नव्हतं.

टायमर नक्की काय करतो

टर्बोचार्जरमध्ये एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं असतात. एक एक्झॉस्टच्या गरम धुरावर फिरतं, दुसरं इंजिनात हवा दाबून भरतं. जोरात असताना हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगला वंगणही इंजिन ऑइलचं आणि थंडावाही मुख्यतः त्याचाच. घाट चढून आल्या आल्या चावी बंद केली, की ऑइलचा पंप थांबतो. तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल करपतं आणि त्याचा कोळसा धरतो. हे रोज झालं की टर्बोचं आयुष्य कमी. म्हणून जुने ड्रायव्हर ढाब्यावर उतरण्याआधी मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवतात.

टर्बो टायमर हेच काम आपोआप करतो. चावी काढली की इग्निशनच्या वायरवरचे १२ व्होल्ट जायला हवेत; टायमर आपल्या रिलेतून ते पुढे देत राहतो. गाडीला वाटतं चावी चालूच आहे. ठरवलेला वेळ, साधारण एक ते तीन मिनिटं, संपला की तो सप्लाय तोडतो आणि इंजिन बंद होतं.

आता अलार्मचं बघा. गाडीत मालक बसलाय की चोर, हे त्याला दिसत नाही. तोही बघतो ती हीच इग्निशनची वायर. तिच्यावर १२ व्होल्ट असले की साधा अलार्म समजतो, मालक गाडी चालवतोय. मग लॉकचं बटण दाबलं तर तो फक्त दरवाजे लॉक करतो, पहारा सुरू करत नाही. आणि तोवर तुम्ही रिमोट खिशात टाकून निघून गेलेले असता. दोन मिनिटांनी इंजिन बंद झालं तरी बरेच साधे अलार्म मागे वळून स्वतःहून चालू होत नाहीत. गाडी रात्रभर नुसती लॉक, बाकी काही नाही.

त्या मुलाच्या वायरमनने पहिल्या दुरुस्तीत अलार्मची ही वायर अ‍ॅक्सेसरीच्या वायरवर नेली, कारण त्यांच्या टायमरने ती चालू ठेवलेली नव्हती. विचार योग्यच होता. पण अलार्म लागला की त्याचा इमोबिलायझरही लागतो, आणि तो जोडलेला होता इंजिनच्या सप्लायला. म्हणून इंजिन बंद. तो रिले स्टार्टरच्या वायरवर नेला तर चालू इंजिन बंद पडत नाही, फक्त नव्याने सेल मारता येत नाही. तेही बरोबर. पण डिझेल इंजिनची थरथर शॉक सेन्सरला काच फोडल्यासारखी वाटली. एक गाठ सोडवली की पुढची.

मग कोणता अलार्म निवडायचा?

ज्या अलार्ममध्ये टर्बो टायमरची सोय आतच आहे, तो. अशा अलार्मला माहीत असतं की इंजिन चालू आहे ते त्यानेच चालू ठेवलंय. त्यामुळे तो दरवाजांवर लगेच पहारा लावतो, शॉक सेन्सर तेवढा वेळ बाजूला ठेवतो, इमोबिलायझर इंजिन बंद झाल्यावरच लावतो. व्हायपर, स्टारलाइन, पँडोरा यांच्या काही मॉडेलमध्ये ही सोय मिळते. बहुतेक वेळा ती रिमोट स्टार्टवाल्या अलार्ममध्ये असते, कारण चावीशिवाय इग्निशन धरून ठेवायचं काम दोन्हीकडे सारखंच.

पण बॉक्सवर 'टर्बो' छापलंय म्हणून माल उचलू नका. होलसेलरकडून आधी फिटिंगचा डायग्राम मागा आणि त्यात तीन वायर शोधा: इग्निशनला सप्लाय देणारी आउटपुट वायर, हँडब्रेकची वायर आणि फूटब्रेकची वायर. यातली एक जरी नसेल तर तो आपल्या कामाचा नाही. आउटपुटसाठी वेगळा रिले लागतो का, तो बॉक्समध्ये आहे का, हेही विचारा. नाहीतर तो खर्च तुमच्या मार्जिनमधून जाणार.

गाडीत आधीच टायमर असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, "साहेब, जुना टायमर काढावा लागेल." दोन टायमर एकाच इग्निशनवर ठेवू नका. एक बंद करायला बघतो, दुसरा चालू ठेवतो, आणि फॉल्ट शोधता शोधता तुमचा अख्खा दिवस जातो. टायमर काढायचाच नाही असा आग्रह असेल, तर अलार्म असा हवा की ज्यात इग्निशन चालू असतानाही पहारा लावता येतो आणि शॉक सेन्सर उशिराने सुरू करता येतो. ही सेटिंग नसेल तर ऑर्डर सोडा. खरंच सोडा.

हँडब्रेकच्या वायरवर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण बरेच फिटर ती वायर नुसती अर्थला जोडून टाकतात. 'चालतंय की' म्हणतात. अहो, इंजिन चालू, आत कुणी नाही, चावी तुमच्या खिशात. चोराने काच फोडली आणि हँडब्रेक सोडला, तर इंजिन त्याच क्षणी बंद पडलं पाहिजे. हे काम तीच वायर करते. फूटब्रेकच्या वायरचंही तेच. पॅडल दाबलं की इंजिन बंद. स्टीअरिंग लॉक आहेच, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाची गाडी सोडायची नसते.

आणि उताराचं लक्षात घ्या. मॅन्युअल गाडी आपण उतारावर गिअरमध्ये टाकून लावतो. टायमर चालू असताना गाडी न्यूट्रलमध्येच ठेवावी लागते, म्हणजे सगळा भार एकट्या हँडब्रेकवर. केबल ढिली असेल तर आधी ती ताणून घ्यायला सांगा, मग फिटिंग. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या जागेत टायमर वापरायचा नाही, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हेही तोंडाने सांगा.

विकण्याआधीचा प्रश्न

मी दुकानात असतो तर पहिल्यांदा हे विचारलं असतं: "टायमर हवाच कशाला?" रोज ऑफिस ते घर चालणाऱ्या गाडीला तो सहसा लागत नाही. सोसायटीत शिरताना शेवटचा एक-दीड किलोमीटर हळू आलात की टर्बो बराच निवतो. आजच्या अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत बेअरिंगभोवती कूलंट फिरतं, आणि काहींत इंजिन बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप ते फिरवत राहतो. गाडीचं मॅन्युअल उघडून गिऱ्हाइकासमोर वाचा. पुश बटण स्टार्टच्या गाड्यांना तर साधा टायमर बसतच नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीची इग्निशनची वायर कापली तर पुढचा इलेक्ट्रिकचा क्लेम अडकू शकतो. अशा वेळी नुसता अलार्म विका. बिल लहान होईल, पण गाडी परत येणार नाही.

कायद्याची बाजूही माहीत हवी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६: सार्वजनिक जागी गाडी उभी करताना ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी चुकून चालू लागणार नाही अशी सोय केलेली हवी. रस्त्यावर गाडी चालू सोडून चहाला जाणारा गिऱ्हाईक या कलमाच्या अगदी काठावर उभा असतो. टायमर स्वतःच्या कंपाउंडमध्ये वापरा, असा सल्ला द्या.

विम्याचंही तसंच. एआरएआयची मान्यता असलेल्या अँटी-थेफ्ट डिव्हाइसवर ओन डॅमेज प्रीमियममध्ये २.५ टक्के सूट मिळते, जास्तीत जास्त ५०० रुपये. गिऱ्हाईक विचारेल, तेव्हा सर्टिफिकेट असेल तरच हो म्हणा. विक्रीच्या भरात "चोरी झाली तर क्लेम नक्की" असं कधीच बोलू नका. पॉलिसीत गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट असते, आणि चालू इंजिनाची गाडी चोरीला गेली तर कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

फिटिंगचं थोडक्यात. इग्निशनच्या वायरवरून बराच करंट जातो. बारीक वायर आणि हलका रिले गरम होऊन जळतो. ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, जाड वायर, सप्लाय घेतोय तिथेच फ्यूज. जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत. शक्य असेल तिथे त्या मॉडेलचं तयार कपलर हार्नेस घ्या, वायर कापायचीच नाही.

पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून चाचणी घ्या. चावी काढा, उतरा, रिमोट दाबा. इंजिन चालू राहिलं पाहिजे. काच थोडी उघडी ठेवून आत हात घाला, दरवाजा उघडा: सायरन वाजला पाहिजे. पुन्हा लावा, हँडब्रेक सोडा: इंजिन बंद. पुन्हा लावा, ब्रेक पॅडल दाबा: इंजिन बंद. शेवटी काहीच करू नका, वेळ संपेपर्यंत उभे राहा, इंजिन स्वतःहून बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि काचेवर थाप मारा. आता शॉक सेन्सर जागा झालेला असला पाहिजे. ही चाचणी सपाट जागेवर, चाकाला उटी लावून करायची. पंधरा मिनिटं जातात. त्या मुलाने आता ही पाचही कामं बिलाच्या मागे छापून घेतलीत. प्रत्येकापुढे टिक, खाली गिऱ्हाइकाची सही, आणि टायमर किती मिनिटांवर लावून दिलाय तो आकडा.