व्हीआर हेडसेट आणि साधी स्क्रीन: काही चिवट गैरसमज

गैरसमज: व्हीआरमध्ये शिकलेले पक्के डोक्यात बसते.
हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे आणि त्याला कारणही आहे. हेडसेट चढवला की प्रयोगशाळा चहूबाजूंनी उभी राहते. इतके रंगून पाहिलेले लक्षात राहणारच, असे वाटते. पण रंगून जाणे म्हणजे शिकणे नव्हे. मक्रान्स्की, टर्किल्डसेन आणि मेयर यांच्या २०१९ च्या अभ्यासात ५२ विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रयोगशाळेचे सिम्युलेशन साध्या संगणकावर आणि हेडसेटमध्ये वापरले. हेडसेटमध्ये 'आपण तिथेच आहोत' ही भावना वाढली. शिकणे मात्र घटले आणि ईईजीत मेंदूवरचा भार जास्त दिसला.

याला उत्तर म्हणून येल विद्यापीठातील २००२ चा अभ्यास हटकून पुढे केला जातो. व्हीआरवर सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के जलद केले. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. निष्कर्ष भक्कम आहे, पण त्या सिम्युलेटरला हेडसेट नव्हताच. समोर साधा मॉनिटर आणि हातात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसारखी दोन उपकरणे, एवढीच सामग्री. अशी शस्त्रक्रिया करताना सर्जन खऱ्या ऑपरेशन थिएटरमध्येही मॉनिटरकडेच पाहतो. साधन कामाशी जुळते का, हे महत्त्वाचे. ते डोक्यावर बसते का, हे नव्हे.

गैरसमज: हवेत हात हलवणे नैसर्गिक, म्हणून माउसपेक्षा सोपे.
वस्तू हाताने उचलायला कोणालाच शिकवावे लागत नाही, म्हणून हे पटते. पण खरी वस्तू हाताला अडते, आभासी बटण अडत नाही. माउस धरताना हात टेबलावर टेकलेला असतो आणि मनगटाच्या लहानशा हालचालीत कर्सर स्क्रीनच्या या टोकाचा त्या टोकाला जातो. हेडसेटमध्ये हात अधांतरी राहतो, थोड्याच वेळात खांदा भरून येतो; शिवाय निवड करण्यासाठी बोटांची चिमूट मिटली की रोखच किंचित सरकतो. त्रिमितीय वस्तू फिरवून पाहायची असेल, तर मात्र हातच सरस. तक्ता भरायला तो सरस नाही.

गैरसमज: आभासी स्क्रीन भिंतीएवढी, म्हणजे वाचन सुखाचे.
आकाराने फसगत होते. अक्षर स्पष्ट दिसते ते नजरेच्या एका अंशात किती पिक्सेल मावतात त्यावर. निरोगी डोळा सुमारे ६० पिक्सेल टिपू शकतो. साधारण १५ इंची लॅपटॉपचे १९२० पिक्सेल हातभर अंतरावरून जेमतेम ३५ अंशांत बसतात, म्हणजे अंशाला ५५ च्या आसपास. क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यापुढे २०६४ पिक्सेल आहेत, पण ते शंभरहून अधिक अंशांवर पसरतात. अंशाला सरासरी २० च्या आसपासच उरतात. अक्षरे मोठी करावी, तर भिंतीएवढ्या जागेचा फायदा गेला. जर्मनीतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या २०२२ च्या एका अभ्यासात लोकांनी ५ दिवस, रोज ८ तास हेडसेटमध्ये कार्यालयीन काम केले. डोळ्यांवरचा ताण आणि वैताग साध्या स्क्रीनपेक्षा जास्त नोंदला गेला. दोघांनी तर पहिल्याच दिवशी हेडसेट उतरवून ठेवला. बाकीचे हळूहळू थोडे रुळले, हेही नोंदवायला हवे.

गैरसमज: मळमळ फक्त नवख्यांना होते.
सरावाने ती कमी होते, हे खरे. पण मूळ कारण शरीरातच आहे: डोळे सांगतात 'चाललो', आतला कान सांगतो 'बसलो आहोत'. हा दोष वापरणाऱ्याचा नाही.

गैरसमज: मग व्हीआर म्हणजे निव्वळ खेळणे.
हाही तितकाच चुकीचा. १९९५ मध्ये बार्बरा रोथबाम आणि सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्यांना आभासी गच्च्या, पूल आणि काचेच्या लिफ्टमधून टप्प्याटप्प्याने वर नेले; उपचार न मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांची भीती लक्षणीय ओसरली. दरीचा फोटो मॉनिटरवर पाहून पाय लटपटत नाहीत. इथे पाय लटपटणे हाच उपचाराचा भाग आहे, म्हणून हेडसेट लागतो.